पावसाळ्याआधी घर कसं सावरावं? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीसाठी कोकणात घराला फारसं काही करावं लागत नाही. पेटीतल्या गोधड्या उन्हात टाकल्या की भागतं. घराचा कस लागतो तो जून ते सप्टेंबर. दापोलीकडे या चार महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुप्पट. त्यात पश्चिमेचा वारा, खारी हवा आणि आठ-आठ दिवस न दिसणारं ऊन. आमच्याकडे या तयारीला आगोटीची कामं म्हणतात. दर एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे, गावी नवं घर बांधलेल्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

कामाला कधी लागावं?

पाडवा झाला की. जुनी माणसं मिरगाचा हिशेब धरायची, म्हणजे ७-८ जून. आता तो हिशेब धरू नका. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मे अखेरीला कौलं परतू (उतरवून, साफ करून पुन्हा रचू) म्हणून थांबलेल्यांना अर्धं छप्पर उघडं असताना ताडपत्री ओढावी लागली. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं. त्याच्या आत छप्पर, भिंती आणि गटारं, म्हणजे बाहेरचं सगळं, संपलेलं असावं. आतली कामं मग रेंगाळली तरी चालतात.

दुसरं कारण माणसांचं. कौलांवर नीट चालता येणारे गडी आता गावात दोन-तीन उरलेत आणि मे महिन्यात ते सगळ्यांनाच हवे असतात. चैत्रातच सांगून ठेवा.

कौलं दरवर्षी परतायलाच हवीत का?

पूर्वीचे नळे (अर्धगोल कौलं) दरवर्षी परतावे लागत. ते नुसते एकावर एक ठेवलेले असत, वाऱ्याने आणि मांजरांनीही सरकत. मंगळुरी कौल वेगळं. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि ही खाचेची कौलं पुढे किनाऱ्याने वर आली. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, त्यामुळे ती सहसा सरकत नाहीत. सगळं छप्पर दरवर्षी उतरवायची गरज नाही. पण दरवर्षी साफ मात्र करायलाच हवं, आणि हे लोक टाळतात.

गळती कशी होते ते समजून घेतलंत तर आळस होणार नाही. पाणी कौलाच्या खाचेतून खाली वाहत जातं. त्या खाचेत आंब्याची पानं, शेवाळ, माती साठली की पाणी तुंबतं, आडवं जातं आणि कडेवरून आत उतरतं. कौल अखंड असतं, तरी घर गळतं. माझ्या पाहण्यात दहातल्या सहा-सात गळत्या अशाच असतात. लोक कौल बदलतात, खाच तशीच राहते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच बादली तिथेच लावावी लागते.

म्हणून एप्रिलमध्ये खराट्याने सगळं छप्पर झाडून घ्या, शेवाळ खरवडा. मग भर दुपारी घरातले दिवे बंद करून माळ्यावर उभे राहा आणि वर बघा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे खडूने वाशावर खूण करा. तडा गेलेलं कौल बोटाच्या पेराने वाजवलं की बद्द वाजतं, चांगलं खणखणतं. आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौलं) आणि छपराच्या दोन पाखी (उतरत्या बाजू) मिळतात ती पन्हळ ही सगळ्यात दुबळी जागा. तिथलं सिमेंट सुटलेलं असेल तर खरवडून नव्याने भरा. जुन्यावर नुसता लेप देऊ नका, तो पहिल्या पावसातच सुटतो.

वर चढणाऱ्याने कौलाच्या मधोमध पाय देऊ नये. खाली रीप असते त्या रेषेवर पाय पडायला हवा, आणि आडवी फळी किंवा शिडी टाकून चालणं सगळ्यात बरं. साफ करायला गेलेल्या माणसाने वीस कौलं फोडली, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं. त्याच मापाची पन्नासेक कौलं मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) ठेवाच. कारखान्याकारखान्यागणिक खाच थोडी वेगळी असते आणि भर जुलैत जोडीचं कौल मिळत नाही.

माकडांचं काय करायचं?

याला खात्रीचा उपाय नाही. छपरावर झुकलेल्या फणसाच्या, आंब्याच्या फांद्या तोडल्या तर त्यांची उडी तुटते. तेवढं करा. काहीजण कौलांवर जाळी पसरतात, पण तिच्यात पाला अडकतो आणि वरच्या उत्तरात लिहिलेली गळती सुरू होते. पसरलीत तर ती मेमध्ये काढून टाका.

पत्र्याचं छप्पर वादळात टिकेल का?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागात पत्रे झाडांवर लटकलेले होते आणि नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या होत्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी आहे.

पत्रा वारा वरून दाबून फोडत नाही, वारा तो वर उचलतो. छपरावरून वेगाने वारा गेला की वर दाब कमी होतो, आणि उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. उचलायला सुरुवात होते वळचणीच्या आणि आढ्याच्या कडेपासून. म्हणून या दोन ओळींत बोल्ट दाट हवेत. मध्ये एक उंचवटा सोडून एक चालतं, कडेला प्रत्येक उंचवट्यावर हवा. पत्रा पाइपला घट्ट आहे, पण पाइप खांबाला नुसता टेकवलेला, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. मग सगळा सांगाडाच उडतो. वेल्डिंगचे सांधे हातोडीने ठोकून बघा. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत असाल तर साधे स्क्रू फार वर्षं टिकत नाहीत. गंजलेला स्क्रू वरून शाबूत दिसतो, पण फिरवला की डोकं हातात येतं. रबरी वायसर कडक झाला असेल तर तोही बदला.

पत्र्यावर दगड, चिरे ठेवून भागवू नका. वादळात तेच खाली येतात.

आमचं स्लॅबचं घर आहे. आम्हाला काही करावं लागतं का?

लागतं. स्लॅबचं घर कोकणात गळत नाही हा समज चार-पाच पावसाळे टिकतो. गच्चीवरची पाण्याची तोंडं साफ करा. मे महिन्यात ती बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा आणि खालून छत बघा. ओल दिसली तर दुरुस्तीला अजून वेळ हातात असतो. पावसात केलेलं वॉटरप्रूफिंग म्हणजे पैसे पाण्यात. बारीक भेगा, कठड्याचा आणि गच्चीचा सांधा, टाकीच्या पायांखालची जागा, हे आधी बघा.

स्लॅबवर पत्र्याची शेड घालायची पद्धत आता सगळीकडे आहे. ती चांगली आहे, घरही थंड राहतं. मात्र तिला वरचं पत्र्याचं उत्तर लागू.

चिऱ्याच्या भिंतीला आतून ओल येते. कुठला रंग लावू?

रंगाने ओल थांबत नाही, ती दिसायची थांबते, तीही थोडे दिवस.

चिऱ्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतोही. जुन्या घरांत दरजा (चिऱ्यांमधले सांधे) चुन्याने भरलेल्या असत, चुनाही श्वास घेतो. आमच्या घरी पंधरा वर्षांपूर्वी एका गवंड्याच्या सल्ल्याने पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षं भिंत छान दिसली. मग गिलाव्याला केसासारख्या भेगा गेल्या, पाणी आत शिरायला लागलं, पण बाहेर पडायला वाट राहिली नाही. आतून लोणा (क्षार) धरला आणि रंगाचे पापुद्रे सुटून जमिनीवर पडू लागले. शेवटी सगळा गिलावा खरवडून काढला, दरजा चुना-वाळूने पुन्हा भरल्या. भिंत वाळायला पुरता एक उन्हाळा गेला.

तेव्हा जुनी चिऱ्याची किंवा मातीची भिंत असेल तर तिला सिमेंटमध्ये कोंडू नका. दरजा तपासा, वळचण पुरेशी बाहेर आहे का बघा, आणि पागोळ्या पडतात तिथे खडी किंवा चिरे टाका. मातीवर पडणारं पाणी उडून जोत्याच्या वर फूटभर भिंत भिजवतं. बरीच ओल छपरातून नव्हे, या उडणाऱ्या शिंतोड्यांतून येते. भिंतीला टेकून रचलेली माती, लाकडं, तुळशीमागच्या कुंड्या, सगळं हातभर लांब सरकवा.

पडवीला झाप बांधावेत की हिरवी नेट?

झाप मिळत असतील तर झाप. चुडतांचा (नारळाच्या झावळ्यांचा) विणलेला झाप झड अडवतो आणि वाराही थोडा आत सोडतो. एक पावसाळा टिकला की त्याचं काम झालं, मग कंपोस्टात जातो. पण विणणारी माणसं कमी झाली आहेत, हे खरं. नेट लावलीत तर दुहेरी लावा आणि खालून बांधून टाका, नाहीतर रात्रभर फडफडते. प्लास्टिकने पडवी पुरी बंद केली तर आतल्या आत दमटपणा साठतो, वर वितभर फट ठेवा. नैऋत्य आणि पश्चिमेची बाजू महत्त्वाची. पूर्वेची पडवी उघडी राहिली तरी चालते, उलट राहावीच.

खळ्यातला मांडवही याच सुमारास उतरवतात. त्याच्या काठ्या मांगरात आडव्या, जमिनीपासून उंच ठेवा.

घराभोवतालच्या पाण्याची वाट कशी काढायची?

मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम हेच. कोकणातलं घर पाऊस पडून खराब होत नाही, थांबलेल्या पाण्याने होतं.

पहिल्या वळवाच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, शेजाऱ्याच्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) कुठे फुटतं, ते त्या अर्ध्या तासात कळेल, मग फावडं घ्यायला हवं. मागच्या बाजूला डोंगर किंवा उतार असेल तर घराच्या वरच्या अंगाला चर हवा, जो पाणी वळसा घालून पऱ्यात (ओहोळात) नेऊन सोडेल. जुनी घरं बांधणाऱ्यांनी हा चर हमखास ठेवलेला असतो, पण मधल्या काळात तो पाल्याने भरतो किंवा कुणी त्यावर फरशी टाकतं. गडग्याला पाणी जायला ठेवलेल्या भोकांतली माती काढा. ती बुजली की गडगा मागच्या पाण्याच्या दाबाने ढासळतो.

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना उतार घराकडे झालेला मी चार घरांत पाहिला आहे. बसवून घेण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा.

खाडीकाठी किंवा नदीकाठी राहत असाल तर भरतीच्या वेळा भिंतीवर लावून ठेवा. जोराचा पाऊस आणि उधाण एकत्र आलं की पाणी उतरायला वाटच राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात लोक रात्रीतून अडकले. अशा घरांत कागदपत्रं, औषधं, इन्व्हर्टरची बॅटरी आणि थोडा शिधा जूनपासूनच वरच्या मजल्यावर असावा.

घर डोंगराखाली आहे. धोका कसा ओळखायचा?

जमिनीला नवी भेग पडणं, आधी सरळ असलेली झाडं किंवा विजेचे खांब कलणं, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, ही लक्षणं आहेत. यातलं काहीही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच बाहेर पडा. तळिये (२०२१) आणि इरशाळवाडी (२०२३) इथल्या दरडी आपण पाहिल्या आहेत. आगोटीतच ठरवून ठेवा की कुणाच्या घरी जायचं, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरांचे दोर कोण सोडणार. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीला ११२.

आम्ही मुंबईला असतो. घर गणपतीपर्यंत बंद राहील. काय करून जावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर देताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण बंद घराला खरा उपाय माणूस हाच आहे. पूर्वी चुलीचा धूर रोज आढ्यापर्यंत जायचा. वासे काळे पडायचे, पण कोरडे राहायचे आणि कीडही लागत नसे. दार उघडं, माणसांचा वावर, संध्याकाळी दिवा. घर त्यावर टिकायचं. आता चार महिने कुलूप असतं आणि गणपतीला दार उघडलं की बुरशीचा वास अंगावर येतो.

तेव्हा किल्ली वाडीतल्या एका माणसाकडे देऊन जा आणि त्याला नीट मोबदला द्या, नात्यावर विसंबू नका. उघडीप असेल त्या दिवशी, आठवड्यातून दोनदा, दोन तास दारं-खिडक्या उघडायच्या, घरभर चक्कर मारायची, जमलं तर मागच्या चुलीत जाळ करायचा, एवढंच काम. एवढ्याने निम्मं नुकसान टळतं. गळती पहिल्याच आठवड्यात कळली तर एका कौलाचं काम असतं, गणपतीत कळली तर वासा बदलावा लागतो.

जाताना: गाद्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, पलंगावर उभ्या ठेवून सुती चादर घाला. प्लास्टिक गुंडाळलंत तर आत दमट धरतं. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दारं किलकिली ठेवा. फ्रिज रिकामा, पुसून, दार उघडं. गॅसचा आणि पाण्याचा कॉक बंद. मेन स्विच बंद, पण पंप शेजारी वापरत असतील तर आधी विचारा. देवांच्या तसबिरींच्या मागे हमखास वाळवी धरते, त्या उतरवून ठेवा.

आणि निघण्याआधी घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वादळात नुकसान झालं आणि तलाठी पंचनाम्याला आले तर आधीचं घर दाखवायला काहीतरी हातात असतं.

लाकडाला आणि वाळवीला काय लावायचं?

वाशांची भिंतीत गेलेली टोकं आधी टोचून बघा, सुरी सहज आत गेली तर आतून पोकळ आहे. उन्हात लाकूड पुरतं वाळल्यावर करंजेल, उंडीचं कडू तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावतात. शेवटचं हाताला लागलं की कातडी भाजते, हातमोजे घाला. भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर. जमिनीतून भिंतीवर चढलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या पुसू नका, कुठून आल्या तो माग काढा.

विजेचं काय तपासावं?

तीस मिलिअँपिअरचं गळतीरोधक स्विच (वीज भलतीकडे जाऊ लागली की पुरवठा तोडणारा, आरसीसीबी) बसवलेलं असेल तर त्याचं चाचणीचं बटण दाबा, तो पडला पाहिजे. नसेल तर यंदा बसवाच, ओल्या भिंतींच्या घरात तो जीव वाचवतो. कातळावरच्या घरांत अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, वायरमनकडून तपासून घ्या. तारांना टेकलेल्या फांद्या स्वतः तोडू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. पडलेली तार दिसली तर लांबूनच इतरांना अडवा. विजांचा धोका भर पावसाळ्यापेक्षा मेमध्ये आणि परतीच्या पावसात जास्त. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळ वीज पडण्याची सूचना देतं.

साप-विंचू घरात येऊ नयेत म्हणून?

लाकडं, चिरे, कौलं यांचे ढीग घराला लागून ठेवू नका. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, अशाच जागी बसतं. ते हातभरही नसतं, म्हणून लोक त्याला हलकं घेतात. लाकडं काढताना आधी काठीने हलवा, रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट. दाराखालची फट, मोरीचं तोंड जाळीने बंद करा. भात-धान्य उघडं असलं की उंदीर येतो आणि त्याच्यामागे साप.

चावलाच तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. तांबड्या विंचवाच्या दंशालाही घरगुती उपायांत वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिल्यापासून त्यातलेही रुग्ण वाचतात, पण लवकर पोचले तर.

विहिरीचं पाणी गढूळ होतं. किती पावडर टाकायची?

चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते अठ्ठावीस हजार लिटरच्या आसपास होतं, म्हणजे सत्तर ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा आणि तासभर थांबा. जुनी, हवा लागलेली पावडर निकामी असते. कठड्याभोवती फरशी आणि बाहेर जाणारा उतार असेल तर पाणी मुळात कमी गढूळ होतं.

घरात काय भरून ठेवावं?

शहरासारखं दुकान आता गावातही आहे, तरी चार-पाच दिवस रस्ता बंद होतो हे धरून चाला. तांदूळ, कुळीथ, मीठ, काड्यापेट्या, मेणबत्त्या, रोजची औषधं महिन्याची. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, म्हणून सोडे, सुकट, बोंबील मे महिन्याच्या कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून हवाबंद डब्यात भरा. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवल्या की श्रावणापर्यंत टिकतात. लाकडं आणि शेणी मांगरात, जमिनीपासून वर, फळ्यांवर. हे सगळं केलेलं घर पहिल्या सरीला कसं शांत असतं, ते अनुभवून बघा.

भर पावसात गळायला लागलं तर?

वर चढू नका. शेवाळलेल्या कौलांवर पावसात चढणं म्हणजे हाड मोडून घेणं. आतून माळ्यावर जा, थेंब पडतो तिथून वाशावरून वर बोट फिरवत न्या. पाणी वाशाने घरंगळत येतं, त्यामुळे खरी जागा हातभर वर सापडते. तिथलं कौल आतूनच हलकेच वर उचलून खाचेतला पाला काढता येतो, बहुतेक वेळा तेवढ्यानेच थांबतं. फुटलं असेल तर त्याच्या आणि वरच्या कौलाच्या मध्ये पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा सारून ठेवा, वरचं टोक वरच्या कौलाखाली गेलं पाहिजे. वाशावर खडूने खूण करा आणि उघडीप मिळाली की गड्याला तीच जागा दाखवा.